झबलं वर करून एक मिनिट बघा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत तान्ह्या बाळांच्या सर्दीखोकल्यावर लेख आला होता तो वाचला. लेख वाईट नव्हता, हात धुवा, आजारी माणसाने बाळाला जवळ घेऊ नये, घरात सिगरेट नको, सगळं बरोबरच आहे. पण शेवटी लिहिलं "लक्षणे गंभीर वाटल्यास त्वरित डॉक्टरांचा सल्ला घ्यावा" आणि तिथेच संपवलं. अहो पण गंभीर म्हणजे नक्की काय तेच तर आईबापांना कळत नाही ना! रात्री दोन वाजता बाळ खोकतंय, नाक वाजतंय, अंग कोमट लागतंय, आता हे गंभीर का साधं ते त्यांनी कशावरून ठरवायचं? हे एक वाक्य टाकलं की सगळे मोकळे, पेपरवालेही आणि खरं सांगायचं तर बाळाला घरी सोडताना आम्ही दवाखान्यातले लोकही. मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, बरीच वर्षं झाली. डॉक्टर नाही, त्यामुळे कुठलं औषध द्या ते सांगायला बसलेली नाही, फक्त बघायचं काय तेवढं लिहिते, जमलं तर छापा.

आमच्याकडे येणारे आईबाबा सांगायला सुरुवात करतात ती बहुतेक वेळा आवाजापासून. सिस्टर किती खोकतोय हो, छातीत नुसती घुरघुर ऐकू येतेय, पाठीवर हात ठेवला तरी कळतं. त्यानंतर शेंबडाचा रंग, आणि मग तापाचा आकडा, तोही पॉइंटसकट, मोबाइलमध्ये लिहून आणलेला असतो. आता गंमत अशी की या तीनही गोष्टींवरून आजार किती जोरात आहे ते फारसं कळतच नाही. घुरघुर बऱ्याचदा नाकातली नि घशातली असते, पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं, त्याला नाक शिंकरता येत नाही की कफ थुंकता येत नाही, मग थोडासा शेंबूड अडकला तरी आवाज एवढा होतो की शेजारच्या खोलीत ऐकू यावा, आणि बाळ मात्र मजेत हातपाय हलवत पडलेलं. शेंबूड हिरवापिवळा झाला म्हणजे इन्फेक्शन वाढलं असंही नाही, साध्या व्हायरल सर्दीतसुद्धा दोनचार दिवसांनी तो घट्ट होतो, रंग बदलतो. आणि तापाचं म्हणाल तर ब्रॉन्किओलायटिस नावाचा जो आजार तान्ह्यांना सगळ्यात जास्त हॉस्पिटलात आणतो (यात फुप्फुसातल्या बारीक श्वासनळ्या सुजतात, बहुतेक वेळा आरएसव्ही नावाच्या व्हायरसने होतो) त्यात कित्येक बाळांना ताप नुसता नावाला असतो, काहींना नसतोच, आणि तरी धाप लागलेली असते.

तापाला एक अपवाद आहे, आणि तो मोठा आहे. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप ३८ डिग्री सेल्सिअस, म्हणजे फॅरनहाइटमध्ये १००.४ किंवा त्याच्या वर गेला, तर सर्दी आहे का, खेळतंय का, काही बघत बसायचं नाही, ताबडतोब दाखवायचं. आणि एवढ्या लहान बाळाचं अंग उलट गार पडलं, ३५.५ च्या खाली गेलं आणि गुंडाळून, छातीशी धरूनही वर येत नसेल, तर ते तापापेक्षाही वाईट समजा. हे घरात माहीतच नसतं, ताप उतरला म्हणून सगळे खूश असतात.

मग बघायचं काय? श्वास. तोही ऐकायचा नाही, डोळ्यांनी बघायचा. हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण मी कितीतरी जणांना हे बाळाच्या कॉटशी उभं करून दाखवते तेव्हा लक्षात येतं की आपल्या बाळाची उघडी छाती एक मिनिटभर गप्प राहून कोणी कधी बघितलेलीच नसते. परवा एका बाबांना दाखवत होते, चार महिन्यांचं बाळ, कपड्यांवर कपडे घातलेले. म्हटलं आधी झबलं वर करा, पार गळ्यापर्यंत. बाळ झोपलेलं किंवा निदान शांत पाहिजे, रडत असेल, दूध पीत असेल तर मोजू नका, ताप चढलेला असेल तर तो उतरल्यावर पुन्हा मोजा कारण तापानेही श्वास वाढतो. पोट नि छाती जिथे मिळते तिथे नजर लावा, वर गेलं खाली आलं की एक. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि पूर्ण साठ सेकंद मोजा. ते म्हणाले, पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर? नाही चालत. बाळाचा श्वास मोठ्या माणसासारखा एका लयीत नसतो, चारपाच भराभर घेतील, मग चारपाच सेकंद थांबतील (हे नॉर्मल आहे, घाबरू नका), मग परत सुरू. पंधरा सेकंदांत नेमका भराभरचा तुकडा सापडला तर चारने गुणून चूकही चौपट होते. त्या बाबांनी पहिल्यांदा मोजले ४४ आणि दुसऱ्यांदा ४७, म्हणजे ठीक. पण मुद्दा आकड्याचा नव्हता, मोजून झाल्यावर ते स्वतःच म्हणाले की बरगड्यांखाली काही ओढलं जात नाहीये ना सिस्टर, बरोबर? बघायला लागलं की दिसायला लागतं.

आकडे असे. दोन महिन्यांच्या आतलं बाळ, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद, पण एवढ्या लहानांचं एकदा ६० च्या वर आलं तर थोडं थांबून परत मोजायचं, दुसऱ्यांदाही तेच आलं तर खरं. दोन महिने ते एक वर्ष, ५० किंवा जास्त. एक ते पाच वर्षं, ४० किंवा जास्त. म्हणजे ५५ श्वास महिन्याच्या बाळात ठीक आणि दहा महिन्यांच्या बाळात नाही, वय बघितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांवर जगभरचे आरोग्य कर्मचारी काम करतात, स्टेथोस्कोप नसलेलेसुद्धा. याची सुरुवात मला फार आवडते. १९८० च्या आसपास पापुआ न्यू गिनीत फ्रँक शान नावाचे डॉक्टर आणि त्यांचे सहकारी काम करत होते, एक्सरे सगळीकडे नाही, लॅब नाही, आणि मुलं न्यूमोनियाने मरत होती. त्यांनी खोकला असलेल्या मुलांमध्ये साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या कुठल्या खुणांवरून न्यूमोनिया ओळखता येतो ते तपासलं, १९८४ साली ते छापून आलं. त्यातून पुढे आली ती हीच दोन लक्षणं, जलद श्वास आणि छाती आत ओढली जाणं. पाच वर्षांखालची सात लाखांहून जास्त मुलं अजूनही वर्षाला न्यूमोनियाने जातात, २०१९ चा आकडा तेवढा आहे, आणि आपण इथे कफ हिरवा का पिवळा यावर चर्चा करतोय.

छाती आत ओढली जाणं म्हणजे नेमकं काय ते जरा नीट सांगते कारण इथे गोंधळ होतो. आपण श्वास घेतो तेव्हा छाती नि पोट दोन्ही बाहेर येतात. बाळाचं पोट तर नेहमीच उडतं, त्याला काही होत नाही. पण श्वास आत घेताना पोट बाहेर आणि त्याच क्षणी खालच्या बरगड्यांचा भाग आत, खड्डा पडल्यासारखा, असं प्रत्येक श्वासाला दिसत असेल तर ती खूण. बरगड्यांच्या मधली कातडी ओढली जाते, गळ्याखाली हाडाच्या वर खड्डा पडतो, तेही त्यातलंच. असं का होतं तर बाळाच्या बरगड्या मऊ असतात, आत हवा जायला अडथळा आला की ते पूर्ण जोर लावून ओढतं आणि हवेऐवजी छातीच आत येते. श्वासनळीच्या फांद्या एवढ्या बारीक की सूज येऊन आतली जागा रुंदीला निम्मी झाली तर अडथळा दुप्पट नाही, सोळा पट होतो, म्हणून जी सर्दी मोठ्या भावाला नुसतं नाक गळून जाते तीच तीन महिन्यांच्या बहिणीला ऑक्सिजनवर आणते. दोन महिन्यांच्या आत थोडंसं ओढलं जाणं नॉर्मलही असतं, तिथे खड्डा खोल नि सहज दिसणारा आहे का ते बघायचं. रडताना दिसलं नि शांत झाल्यावर गेलं तर ते धरायचं नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे नाकपुड्या फुलणं, प्रत्येक श्वासाबरोबर मान हलणं, आणि कण्हणं. कण्हण्याचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही, श्वास सोडताना शेवटी बारीक "अं, अं" असा, नवीन आयांना वाटतं बाळ बोलतंय किंवा पोटात दुखतंय. फुप्फुसं मिटू नयेत म्हणून बाळ घसा अर्धवट बंद करून हवा आत धरून ठेवतं त्याचा तो आवाज आहे. हे ऐकू आलं की घरी राहायचं नाही. ओठ, जीभ निळसर किंवा राखाडी दिसली तरी नाही (नुसते हातपाय थंडीत निळे पडणं वेगळं). श्वास वीस सेकंद थांबला, किंवा कमी वेळ थांबला पण रंग बदलला, बाळ ढिलं पडलं, तरी नाही. एकदोन महिन्यांच्या बाळात आरएसव्हीची किंवा डांग्या खोकल्याची पहिली खूण कधीकधी हीच असते, खोकला नंतर येतो किंवा येतच नाही, डांग्या खोकल्याची ती ओळखीची हूप, म्हणजे उबळीनंतर श्वास ओढतानाचा आवाज, तर इतक्या लहानांत बहुधा नसतेच. आणि श्वास आत घेताना शांत असतानाही कर्कश आवाज येत असेल, भुंकल्यासारखा खोकला असेल, तर तो घशाच्या वाटेचा त्रास, तोही थांबण्यातला नाही.

आता दूध. मला विचाराल तर श्वासाच्या खालोखाल नाही, श्वासाच्या बरोबरीने. तान्ह्या बाळाला सगळ्यात कष्टाचं काम म्हणजे दूध पिणं, ओढायचं, गिळायचं, श्वास घ्यायचा, तिन्ही लागोपाठ, तुम्ही पळता पळता पेला तोंडाला लावून बघा म्हणजे कळेल. ज्याला धाप आहे ते दोन घोट घेतं, सोडतं, दम खातं, परत धरतं, मग चिडतं, मग झोपून जातं. आईला वाटतं पोट भरलं. म्हणून "पितोय ना?" असं विचारलं की उत्तर "हो पितोय" असंच येतं. विचारायचं असं की नेहमी जेवढं पितो त्याच्या किती? अंगावर पीत असेल तर नेहमी जितका वेळ पितो त्याच्या किती, आणि मध्ये किती वेळा सोडतो? निम्मं ते पाऊण पीत असेल तर त्याच दिवशी दाखवा, निम्म्याहून कमी असेल किंवा धरतच नसेल तर लगेच. लघवीही बघा, बारा तास डायपर कोरडा म्हणजे पाणी कमी पडलंय. इथे एक सोय आहे, आजीला थर्मामीटर वाचता येवो न येवो, दूध किती गेलं नि लंगोट किती ओले झाले हे तिला घड्याळासकट पाठ असतं, तिला विचारा.

आणि सगळ्यात फसवं काय असतं ते सांगते, शांत झालेलं बाळ. दिवसभर ६५-७० ने धापत होतं, चिडचिड करत होतं, आणि पहाटे गप्प झालं, श्वासही कमी झाला, घरचे म्हणतात बरं वाटतंय वाटतं, झोपू द्या. खरंच बरं वाटत असेल तर बाळ उठवल्यावर उठतं, नजर देतं, दूध मागतं. थकून श्वास कमी झाला असेल तर ते उठवलं तरी मान टाकतं, निपचित असतं, रंग फिका असतो, खड्डा तसाच असतो. आकडा कमी झाला म्हणून सुटकेचा श्वास टाकायचा नाही, बाळ जागं करून बघायचं. झटका आला, प्यालेलं सगळंच ओकून टाकतंय, उठवून उठत नाहीये, यात मोजामोजी करायचीच नाही, निघायचं.

दिवसांचंही एक गणित आहे ते कोणी सांगत नाही. ब्रॉन्किओलायटिस पहिल्या दोन दिवसांत साधी सर्दी वाटतो आणि सगळ्यात जोर करतो तो साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. म्हणून पहिल्या दिवशी दाखवून आणलं, डॉक्टर म्हणाले छाती साफ आहे, आणि तिसऱ्या दिवशी बाळ धापायला लागलं तर डॉक्टर चुकले असं नाही आणि "आत्ताच तर दाखवलं" म्हणून घरी बसायचंही नाही, परत न्यायचं. उलट सहासात दिवस झाले, बाळ नीट पितंय, श्वास बरा आहे, फक्त खोकला जात नाही, तर तो दोनतीन आठवडे रेंगाळू शकतो, त्यासाठी रोज नवीन डॉक्टर करू नका. आणि हो, या व्हायरल आजारात अँटिबायोटिकचा उपयोग नाही, एक्सरेही दरवेळी लागत नाही, हे औषध सांगणं नाही, उगाच हट्ट धरू नका एवढंच.

घरच्या ऑक्सिमीटरबद्दल लिहायलाच हवं. कोरोनात घरोघरी ती बोटाची क्लिप आली आणि आता लोक ती बाळाच्या अंगठ्याला लावून ८४ दिसले म्हणून धावत येतात, नाहीतर ९८ दिसले म्हणून निवांत बसतात, दुसरं जास्त धोक्याचं. मोठ्यांची क्लिप बाळाला बसत नाही, पाय हलला की आकडा हलतो, बाळाचा प्रोब वेगळा असतो, पायाला पट्टीसारखा गुंडाळायचा. हॉस्पिटलातही या आकड्याने आम्हा लोकांना कसं नाचवलंय ते ऐका. टोरांटोत एक अभ्यास झाला, २०१४ साली छापला, ब्रॉन्किओलायटिसची २१३ बाळं, सौम्य ते मध्यम आजार, निम्म्यांना मशीन खरा आकडा दाखवत होतं आणि निम्म्यांना मुद्दाम तीनने जास्त. जास्त आकडा दिसणाऱ्यांपैकी २५ टक्के बाळं ॲडमिट झाली आणि खरा दिसणाऱ्यांपैकी ४१ टक्के, आणि नंतर परत यावं लागण्यात म्हणण्यासारखा फरक नाही. म्हणजे कितीतरी बाळं बाळाकडे बघून नाही, मशीनकडे बघून ॲडमिट होत होती! याचा अर्थ ऑक्सिजन महत्त्वाचा नाही असा अजिबात काढू नका, नीट मोजून ९० च्या खाली असेल तर हॉस्पिटलच, आणि फार लहान किंवा आधीपासून आजारी बाळांना त्याआधीच. पण आकडा बाळाच्या जोडीने वाचायचा, बाळाच्या जागी नाही. तीच गत स्कोअरची, श्वासाला इतके मार्क, खड्ड्याला इतके, घरघर असेल तर इतके, अशा डझनभर पद्धती आहेत आणि एकाच बाळाला दोन जण वेगळे मार्क देतात हे मी रोज बघते. एकाच माणसाने दर दोन तासांनी बघितलं, वाढतंय का उतरतंय, तर त्यातून मात्र खूप कळतं.

काही बाळांसाठी हे सगळे नियम आणखी कडक करायचे. दिवस भरायच्या आधी जन्मलेली, दीड महिन्याच्या आतली, हृदयात दोष असलेली, जन्मानंतर फुप्फुसाचा आजार राहिलेली, स्नायू किंवा प्रतिकारशक्ती कमजोर असलेली, यांच्या बाबतीत "जरा वाट बघू" म्हणायचंच नाही. आरएसव्हीविरुद्ध आता गरोदरपणात आईला द्यायची लस आणि बाळाला द्यायचं अँटिबॉडीचं इंजेक्शन, दोन्ही निघालंय, २०२३ पासून काही देशांत वापरही सुरू झालाय, आपल्या डॉक्टरांना विचारून बघा.

शेवटची गोष्ट आम्हा दवाखानेवाल्यांसाठी. दारात पोचेपर्यंत बाळ गाडीत झोपतं, नाक मोकळं होतं, आणि डॉक्टरांसमोर अगदी शहाण्यासारखं दिसतं, मग आईचं कोणी खरं मानत नाही. आयांनो, त्रास दिसत असताना उघड्या छातीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, उजेडात, गळ्यापासून बेंबीपर्यंत दिसेल असा, मोबाइल स्थिर धरून, तो दाखवा. फक्त व्हिडिओ काढण्यासाठी निघायला उशीर करू नका. आणि फोन उचलणाऱ्या आमच्या स्टाफने "ताप किती आहे" हा प्रश्न दुसरा ठेवावा, पहिला हा की सकाळपासून दूध किती गेलं, आणि दुसरी व्यक्ती घरात असेल तर फोन चालू ठेवून श्वास मोजायला सांगावं, एक मिनिट थांबायला कोणाचं काही जात नाही. पुरवणीत जागा असेल तर वयाप्रमाणे ते तीन आकडे, ६०, ५०, ४०, मोठ्या टाइपात छापा, कापून फ्रीजवर लावता येतील असे.

आपली नम्र,
लहान मुलांच्या वॉर्डातली एक नर्स